दर इंची

गणित क्रमांक सात.
ग्रेटिंगवर दर इंची पंधरा हजार रेघा.
सोडियमचा पिवळा उजेड, तरंगलांबी वर दिलेली.
तिसऱ्या ऑर्डरचा कोन काढा.

धुळ्यात एप्रिल. भिंतीपलीकडे बारा माग
रात्रपाळीचे, एका तालात सुरू होऊन
मग आपापला ताल धरणारे.
मी इंचाचे सेंटिमीटर केले,
दोन पूर्णांक चोपन्न भागिले पंधरा हजार,
शून्यं मोजताना एकदा चुकलो, खोडलं,
तीनने गुणलं.
साइन थीटा बरोबर एक पूर्णांक शून्य चार चार.

कॅल्क्युलेटर म्हणाला, एरर.
वाटलं, बटणाखाली शेवभाजीचं तेल गेलंय.
पुसून पुन्हा दाबलं.
एरर.

सकाळी प्रयोगशाळेत खिडक्यांना काळे पुठ्ठे.
धुडकूआप्पांनी दिवा पेटवला, तो आधी गुलाबी,
मग हळदीत भिजत गेला,
आणि माझा लाल शर्ट काळा पडला.
"काचले बोट नको लावू रे भो."
नाही लावलं. कडेला धरून बसवली.
डावीकडे वीस अंश बावीस मिनिटं, पिवळी रेघ.
चव्वेचाळीस अंश सहा मिनिटं, पुन्हा पिवळी,
पण आता एकीच्या दोन झालेल्या,
मधे केसाएवढा अंधार.
मी दुर्बीण तशीच फिरवत नेली.
साठ. सत्तर. पंच्याऐंशी.

"तठे काय शोधी ऱ्हायना?"
"तिसरी."
"तठे काहीच नई. तीस वरीस व्हयनात,
कोनलेच दिखनी नई."

साइन एकाच्या वर जात नाही,
हे मला अकरावीपासून पाठ होतं.
पाठ होतं एवढंच.

दुपारी आण्णा पाळीवरून आले, भुवयांत कापूस.
जेवताना माझ्या वहीकडे बघत राहिले.
आकडे त्यांना वाचता येतात, दर इंची हे तर त्यांचंच.
खिशातून घडीचं भिंग काढलं,
मांडीवरच्या तुकड्यावर ठेवलं,
सुईच्या टोकानं धागे मोजले, ओठ न हलवता.
बावन्न.
"आनि तुन्हा काचमा पंधरा हजार?
एक इंचमा? कोनी मोज्यात?"

मी म्हणालो, मोजत नाही कोणी,
उजेड किती वळला त्यावरून कळतं.
"आनि उजेड कशाना शे, हाई कशावरून?"
रेघांवरून, असं म्हणता म्हणता मी थांबलो.
त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला,
तेवढ्यात माझ्या लक्षात आलं
की याचं उत्तर पुस्तकात आहे
आणि मी ते पान उलटून गेलोय.

"मन्हा कापडमा कितल्या ऑर्डरी?"
हे त्यांनी सहज विचारलं, हात धुताना.
मी गणित मांडलं. बावन्न, तोच पिवळा.
एरर नाही आला.
आठशे अठ्ठावीस.
पुन्हा केलं. आठशे अठ्ठावीसच.
काचेत रेघा इतक्या दाट, तिथे दोन ऑर्डरींत संपलं,
कापड विरळ, तर आठशेंना जागा,
फक्त इतक्या लगटून
की एकीत आणि दुसरीत चार मिनिटांचा कोन.
अंशाची मिनिटं, आण्णा, घड्याळाची नाही.
ते हसले. झोपायला गेले.

वहीत लिहिलं: तिसरी ऑर्डर शक्य नाही.
या वाक्याला दोन गुण असतात,
का शक्य नाही ते लिहिलं तर तीन.
लिहिलं.

रात्री जाग आली तेव्हा माग थांबलेले,
वीज गेली असेल त्या फेजची.
गल्लीच्या टोकाचा दिवा मात्र चालू.
ओट्यावर आण्णा, एक डोळा मिटून,
दुसऱ्यासमोर दोन्ही हातांनी ताणून धरलेला
तोच तुकडा.
मी हाक मारली नाही.

सकाळी चहाच्या वेळी, बशीत बघत:
"नऊपावत मोज्यात मी.
मंग डोयाले पानी उनं."